नंदीचं दुसरं शिंग

पदमपुरा, औरंगाबाद
नागपंचमीचा दुसरा दिवस, सन २००६

लक्ष्मणा,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, नायतर शेवटाला विसरून जाईन, कारण सांगायचंच लई हाय. फोनवर सांगितलं असतं, पण गाडीचं नाव काढलं की तुझी रेंज जाती. तब्येत विचारताना असती, पोरांचे मार्क सांगताना असती, गाडी म्हटलं की गेली. कागदाला रेंज लागत नाय, म्हणून कागद. अक्षर लावून घे. पोलीस अ‍ॅक्शननंतर सोयगावात मराठी शाळा झाली तव्हा दुसरीपर्यंत गेले, पुढं मास्तरची बदली झाली अन् माझं शिकणं संपलं, हे तुला ठाऊकच हाय.

तर, आपली हंबर मोटार बाहेर काढलीय.

दचकू नको, विकायला नाय. अंबीनं काढली. आपली अंबिका, तुझ्या भावाची, रामकिसनची, तू गेलास तव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची ती. आता अहमदाबादहून शिकून आलीय. काय शिकली म्हणशील तर फर्निचर. तुझा भाऊ चारचौघांत सांगतो 'डिझाइन', मी सांगते सुतारकाम, दोघांचं म्हणणं एकच. घरी येऊन चार दिवस झाले नाय तर शेडात घुसली, ताडपत्री ओढली, अन् बाहेर आली ती कोळिष्टकांनी म्हातारी होऊन. म्हणती, "आजी, आतून सगळं लाकूड आहे गं!" जसं काय मला ठाऊकच नाय! तू पोटात होतास अन् कळा सुरू झाल्या तव्हा लासूर स्टेशनहून दवाखान्यापर्यंत मी दारावरच्या त्याच लाकडाला धरून आले होते. सांडू चालवत होता, अन् दर खड्ड्याला "वहिनी, माफी, वहिनी, माफी" करत होता. माझी नखं त्या लाकडात असतील अजून.

इंजिनाचं काय नाय. सांडूनं दर महिन्याला घरघर करून ते जिवंत ठेवलंय. त्याला ड्रायव्हर म्हणून कुणी पगार देत नाय आता, तरी येतो, हंबरला हंबीरराव म्हणतो अन् हंबीररावाला भेटायला आलो सांगतो. आतलंच सगळं गेलंय. पॉलिश माझ्या टाचेसारखं भेगाळलंय, पापुद्रे निघालेत. अन् समोरच्या डॅशबोर्डाच्या फळीत, तू पुढं बसायचास त्या बाजूला, भोक.

त्या भोकाचं मी काय लिहीत नाय. अंबीला मात्र सांगावं लागलं, तिनं विचारलं की खणाचं झाकण कुठं हाय. म्हटलं, आजोबांच्या तेराव्याला तुझ्या बापानं गाडी मुंबईच्या माणसाला द्यायची जबान दिली, तर तुझ्या काकानं झाकणाचे स्क्रू काढले, झाकण बॅगेत घातलं, "आता विका दात पडलेली गाडी" म्हणाला अन् बडोद्याची वाट धरली. मुंबईवाल्यानं भोक बघितलं अन् तोही गेला. तुझा बाप काकाला चोर म्हणाला, तवापासून दोघं बोलत नायत.

अंबी हसली. म्हणाली, "म्हणजे काकानंच गाडी वाचवली." मी तिच्या तोंडावर हात ठेवला, बाप शेजारच्या खोलीत होता.

आई

राखीपौर्णिमा होऊन गेल्यावर

लक्ष्मणा,

तुझं पत्र नाय, पण मी थांबत नसते.

अरे, काय बघितलं मी! अंबीनं दारावरच्या पट्ट्या, समोरची फळी, सगळं स्क्रू खोलून अंगणात आणलं. आधी कसलं तरी औषध लावून जुनं पॉलिश उचललं, सायीसारखं गोळा झालं ते. खालचं लाकूड दिसलं तर मला वाईटच वाटलं, फिक्कं, मेलेलं, बाजेच्या लाकडी गातासारखं. मी म्हटलं, गेली गं गाडी. ती म्हणाली, "आजी, थांब." अन् फडकं स्पिरिटमध्ये बुडवून तिनं त्या फळीवरून एकदाच फिरवलं.

लक्ष्मणा, लाकूड जागं झालं रे.

कसं सांगू. नदीतला गोटा कोरडा असतो तव्हा गोटाच असतो, पाण्यात घातला की त्याच्या आतल्या रेघा दिसतात, तसं. भोवरे, ढग, डोळे, उकळत्या दुधाचे बुडबुडे, सगळं त्या हातभर लाकडात. वेरूळला कैलास लेण्यात पहिल्यांदा गेले होते तव्हा मान वर करून जशी गप झाले होते, तशी आता मान खाली घालून गप झाले. इतकी वर्षं त्याच्यावर मी पर्स ठेवली, तुझं दुधाचं भांडं ठेवलं, अन् खाली हे होतं. मग स्पिरिट उडून गेलं अन् लाकूड परत झोपलं. मी म्हटलं, परत पूस. तिनं पुसलं. परत पूस. सातआठ वेळा पुसायला लावलं, शेवटी तीच म्हणाली, "आजी, बाटली संपेल."

अन् ऐक, हे लाकूड अक्रोडाचं हाय! प्रसादात असतो तोच अक्रोड! मला वाटायचं ते नुसतं फळ, त्याला एवढं मोठं खोड असंल हे डोक्यातच आलं नाय. अंबी म्हणती, झाडाच्या बुंध्याला कधीकधी गाठ येती, आपल्या अंगावर आवाळू येतं तशी. झाडाला ते दुखणंच. त्या गाठीत ही नक्षी असती. अन् ते लाकूड अख्खं नाय बरं का, पापडाएवढं पातळ काढून साध्या लाकडावर सरसानं चिकटवलंय. म्हटलं, म्हणजे आत साधंच? म्हणाली, आत साधंच. मी त्यावर दिवसभर विचार केला. मग म्हटलं, असंना का, आपणही आतून साधेच.

पापड जिथं फुगून सुटला होता तिथं तिनं खाली सरस सोडला, वरून ओलं फडकं अन् माझी कपड्याची इस्त्री. इस्त्री आता सरसानं बरबटलीय. तुझ्या भावाचा शर्ट काल बिनइस्त्रीचा गेला. तो म्हणाला, "त्या भंगारापायी घरातली इस्त्री पण गेली का?" पण जाता जाता फळीजवळ थांबला. अंबीनं मुद्दाम फडकं फिरवलं. तो बघत राहिला, मग म्हणाला, "उशीर होतोय," अन् पाच मिनिटं तिथंच.

आई

पोळा

लक्ष्मणा,

आज दोन गोष्टी, एक रडायची, एक बघायची.

रडायची आधी. अंबीनं फळी गुळगुळीत घासली. पॉलिशला चपडी, लाखेची, पाहिजे म्हणाली, म्हणून आम्ही दोघी शहागंजला गेलो. दुकानदार म्हणतो, "चपडी कैकू होना अम्मा? पलंगकू?" म्हटलं, मोटारला. "मोटारकू? मोटारकू तो डुको रंग मारते अम्मा!" म्हटलं, बाहेरून नाय बाबा, आतून. तो म्हणाला, "अंदर पलंग है क्या मोटार में?" अंबी हसून हसून कट्ट्यावर बसली. मग त्यानं चपडी दिली, चांगली सोनेरी पापुद्र्यांची, अन् म्हणाला, "बन गई तो इदरसे लेके जाना, मेरेकू देखना है."

घरी येऊन पहिला हात दिला. अन् बघता बघता पॉलिश फाटलं. जिथं तिथं बारीक गोल डोळे पडले, देवीच्या वणासारखे. पॉलिश त्या जागांवरून अंग काढून घेतंय. अंबीनं पुसलं, परत दिला, परत तसंच. तिनं नाक लावून वास घेतला अन् माझ्याकडं बघितलं. "आजी, ह्याच्यात तेल मुरलंय. आजोबांनी गाडीला फोडणी दिली होती का?"

मी म्हटलं, फोडणी नाय, दसरा.

तुला आठवतंय ना? खंडे नवमीला तुझे वडील, आप्पासाहेब, घाण्यावरचं करडईचं तेल घ्यायचे. नांगराला, कुऱ्हाडीला, विळ्याला, अन् मग हंबरमध्ये बसून त्या लाकडाला. मी म्हणायचे, मोटारीला कशाला तेल? तर म्हणायचे, "बैलाच्या शिंगाला लावतो का नाय? मग हिनं काय घोडं मारलंय? बैलासारखीच वाहून नेती." तू अन् रामकिसन मागच्या सीटवर उभे राहून पुढं वाकायचे, कोण जास्त चोळतो म्हणून. भेगा होत्या, त्यातून दर दसऱ्याचं तेल आत गेलं. इंग्रजानं गाडी बनवताना हा विचारच केला नसंल.

अंबीनं डोक्याला हात लावला. मग थिनरमध्ये खडूची पूड कालवून लेप लावला, वाळला की खरवडायचा, परत लेप. लेप पिवळा होऊन निघायचा. अन् सगळ्या अंगणात करडईचा वास. आप्पासाहेबांच्या दसऱ्याचा. तुझा भाऊ आतून आला, म्हणाला, "आई, तळण काढलंय का?" अन् मग फळी दिसली, लेप दिसला, अन् त्याला वास कशाचा ते कळलं. तो पायरीवर बसला. संध्याकाळी बघते तर जुने पितळी स्क्रू चिंचेनं घासत बसलाय. म्हटलं, ते भंगार ना? म्हणाला, "बसल्या बसल्या."

आता बघायची गोष्ट. लेपानं तेल निघालं, वरून चपडीचा पातळ हात दिला, ह्या खेपेला धरला. मी सांडूसाठी पुरणपोळीचं ताट घेऊन आले तर सांडू फळीपुढं हात जोडून उभा. म्हणतो, "वहिनी, नंदी." मी म्हटलं, आज पोळा, तुला सगळीकडं बैलच दिसणार. तर त्यानं बोट ठेवलं. अन् लक्ष्मणा, खरंच नंदी! भोकाच्या कडेला, लाकडाच्या रेघांत. एक डोळा, पापणीसकट. एक कान. वशिंडाची गोलाई. एक शिंग, वर जाऊन आत वळलेलं. अन् मधोमध नंदी तुटतो, कारण पुढं भोक.

अंबी म्हणाली, दुसरा अर्धा झाकणावर असणार. गाठीतून लागोपाठ दोन पापड काढतात अन् हरभऱ्याच्या दोन डाळी उघडाव्यात तसे उघडून शेजारी लावतात. डावीकडं जे, तेच उजवीकडं, आरशातल्यासारखं. म्हणून दुसरं झाकण कुठूनही आणलं तरी जुळणार नाय. जगात त्याची जोडी एकच.

तर एका शिंगाचा नंदी इथं हाय. दुसरं शिंग बडोद्याला.

मी काय मागत नाय. नुसतं सांगितलं.

आई

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

लक्ष्मणा,

घरात भांडण लागलंय अन् त्यात माझाही वाटा हाय.

लाकूड उन्हानं विटलंय. काचेतून वर्षानुवर्षं ऊन, अन् शेडाच्या पत्र्याला पश्चिमेकडून फट. तो फिक्केपणा वरचा नाय, आतपर्यंत गेलाय. अंबी म्हणती, रंग देऊन परत पहिल्यासारखं करता येईल, पण पहिला रंग कुठला ते कळलं पाहिजे. एकदा रंग देऊन वर पॉलिश चढलं की माघार नाय. दसऱ्याला गाडी काढायची, वेरूळला न्यायची, घृष्णेश्वराला, जशी आप्पासाहेब न्यायचे.

मी म्हटलं, रंग गुळासारखा होता. रामकिसन म्हणाला, "गूळ कसला, काळाच होता जवळजवळ." म्हटलं, व्हय रे! हा गुपचूप ऐकत असतो म्हणजे. सांडू म्हणाला, "काताचा. पान खाल्ल्यावर पिंक टाकतो तसा." रामकिसन म्हणाला, "सांडूमामा, बारा महिने तुमच्या तोंडात पानच असायचं, तुम्हाला सगळं जग काताचं." सांडू म्हणाला, "अन् तुम्ही मागच्या सीटवर झोपलेले असायचे, तुम्हाला सगळं जग काळं." मी मध्ये पडले तर दोघंही माझ्यावर उलटले. अंबीनं तीन तुकड्यांवर तीन रंग करून दाखवले. तिन्ही खोटे. हे नाय, एवढंच तिघांना एकमतानं कळतंय.

पोरगी रंग कालवायची थांबलीय. चुकीचा दिला तर गाडी चकचकीत होईल अन् परकी होईल, असं ती म्हणाली. परकी हा तिचाच शब्द.

म्हणून एवढंच कर. झाकण पाठवू नको. ते तुझ्याकडं राहू दे, तुझ्या बापाची आठवण म्हणून नेलंस, मला कळतं. नुसतं बाहेर काढ, उजेडात धर, अन् रंग कसा ते लिहून पाठव. कशासारखा दिसतो ते. दोन ओळी. तुझ्या शब्दावर आम्ही रंग देऊ. तुझा भाऊ बसला होता मी हे म्हणाले तव्हा. नाय म्हणाला नाय.

आई

पितृपक्ष, तुझ्या वडलांची तिथी

लक्ष्मणा,

आज पान वाढलं, कावळा लवकर शिवला. मी मनात म्हटलं, घाई दिसतीय त्यांना, गाडी बघायची असंल.

तुझं कार्ड काल आलं. अकरा वर्षांत ह्या घराच्या पत्त्यावर तुझं अक्षर आलं नव्हतं. पोस्टमननं नाव वाचून दाखवलं, मी म्हटलं परत वाच. त्यावर एकच ओळ. 'आई, रंग सांगता येत नाही, बघत बसलोय.'

अंबीनं वाचलं अन् म्हणाली, "म्हणजे काकाला पण दिसलं." रामकिसननं कार्ड हातात घेतलं, उलटून मागं बघितलं काही लिहिलंय का, अन् देवाच्या फोटोमागं खोचलं.

सांगता येत नसंल तर राहू दे. पण बघत बसलायस हे कळलं अन् मला जेवण गोड लागलं. तू तिथं एका अर्ध्यापुढं, आम्ही इथं दुसऱ्या अर्ध्यापुढं.

अंबी अजून थांबलीय. दसरा जवळ आला तरी हात लावत नाय. मी तिला काय म्हणत नाय, तुलाही नाय.

आई

नवरात्र, तिसरी माळ

लक्ष्मणा,

हे स्पीड पोस्टानं टाकतेय, सांडू उभाच हाय पाकीट न्यायला, म्हणून अक्षर पळतंय.

तुझं पार्सल अमावास्येच्या आधीच पोचलं होतं. मुद्दाम लिहिलं नाय, म्हटलं सगळं झाल्यावरच सांगावं. दार रामकिसननं उघडलं, सही त्यानंच केली. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं अन् पार्सल तसंच धरून उभा, जसं काय आत तान्हं पोर हाय. मग अंगणात आणलं, बाजेवर बसला अन् सुतळी कात्रीनं न कापता गाठी सोडवत बसला. अंबी तळमळतीय, मी तळमळतीय, हा एकेक गाठ सोडवतोय. आत तुझा जुना निळा सदरा, अन् सदऱ्यात झाकण. चिठ्ठी: 'कपाटात तळाला होतं. ऊन लागलं नाही. स्क्रू काडेपेटीत आहेत.'

रामकिसननं झाकण उचललं अन् फळीतल्या भोकावर धरलं.

नंदी पुरा झाला, लक्ष्मणा. दुसरा डोळा आला, दुसरा कान, दुसरं शिंग. दोन्ही शिंगं वर जाऊन एकमेकांकडं वळलेली, अन् मध्ये कपाळ. कुणी काढलं नाय ते, कुणी कोरलं नाय. कुठल्या देशातलं झाड, त्याला गाठ आली, अन् त्या गाठीत आपल्या दारात पोळ्याला उभा राहावा असा बैल कितीतरी वर्षं बसून होता. सांडूनं पान थुंकलं अन् टोपी काढली.

पण एक बाजू फिक्की, एक बाजू जिवंत. झाकणाचा रंग, अरे! काकवी कढईत आटत येती अन् गूळ व्हायच्या बेतात असती, तेव्हाचा. झाकण सरळ धरलं तर गुळाचा. अंबीनं जरा तिरकं केलं तर काताचा. सावलीत नेलं तर रामकिसन म्हणाला तसा काळा. तिघंही खरं बोलत होतो. लाकूडच हलत होतं उजेडात, अन् आम्ही एकमेकांना खोटं पाडत होतो. तुला सांगता आलं नाय ते बरोबरच, कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

मग रामकिसन बोलला. कुणाला उद्देशून नाय, झाकणाकडं बघत. म्हणाला, "इथं असतं तर हे पण विटलं असतं. त्यानं नेलं म्हणून राहिलं."

अंबी माझ्याकडं बघतीय, मी अंबीकडं. ती काय बोलायला गेली, मी परत तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्या दिवसापासून पोरगी उभी राहिली ती आजच बसली. झाकण समोर ठेवून फळीला रंग दिला, थोडा, पुसला, परत थोडा. रामकिसन झाकण उन्हात धरायचा, सावलीत धरायचा, ती म्हणंल तसं. ऑफिसला दोनदा गेला नाय. मग पॉलिश. कापसाची पुरचुंडी करून, चपडीत बुडवून, गोल गोल फिरवायची, थांबायची नाय, थांबली की डाग. अंबीचा हात दुखला की मी. मला म्हणाली, "आजी, तुझा हात कसा इतका हलका?" म्हटलं, लासूरला सगळं घर सारवायचे बाई, हात उचलला की ओरखडा दिसायचा, सासूबाई बोलायच्या. दिवसभर काय फरक दिसत नाय, अन् मग एकदम त्या लाकडात तुळशीवृंदावन दिसलं. उलटं, पानापानासकट. मी मान हलवली तर आत एक म्हातारी हलली. इतकी खोल, विहिरीत वाकल्यासारखी. ती मीच.

दारावरच्या पट्टीवर मला माझी नखं सापडली बरं का. चार बारीक चंद्रकोरी. अंबी भरून काढणार होती, मी म्हटलं, राहू दे, तुझ्या काकाची जन्मखूण हाय. तिनं वरून पॉलिश दिलं, आता त्या काचेखाली ठेवल्यासारख्या दिसतात.

झाकण मात्र तिनं घासलं नाय. नुसतं पुसलं. आतल्या बाजूला आप्पासाहेबांच्या अंगठ्याचं कुंकू हाय, शेवटच्या दसऱ्याचं. तू बघितलंच असशील.

काल सगळं परत गाडीत बसवलं. झाकण रामकिसननं स्वतः बसवलं, तुझ्या काडेपेटीतले स्क्रू चिंचेनं घासून. मी मागच्या सीटवरून बघत होते. एक बसवला, दुसरा बसवला, तिसरा बसवला अन् स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून बाहेर आला. म्हटलं, अरे, चौथा? तर म्हणाला, "तीनवर राहतंय ते सध्या." म्हटलं, अन् वेरूळच्या रस्त्यानं खडखडलं तर? म्हणाला, "खडखडू दे. ज्यानं काढला त्यानं बसवावा." अन् जरा थांबून म्हणाला, "त्याला विचार, दसऱ्याला रेंज हाय का."

मी म्हटलं, तूच विचार. तर आज मी लिहायला बसले तव्हा कागद ओढून घेतला माझ्या हातातला, काय लिहू म्हणून बघत बसला, अन् परत दिला. कोपऱ्यात निळा ठिपका दिसतोय ना, तो त्यानं पेन टेकवलं होतं तिथला.

चौथा स्क्रू मी देव्हाऱ्यात ठेवलाय, घटाच्या शेजारी. हळदकुंकू वाहिलंय. तेल लावलं नाय, अंबी ओरडंल.

आई